नोटबुर्गाचं गवत

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हिगिल सांटरने त्याच्या हॉटेलच्या भिंतीवरून आजोबांची गवत ओढायची घसरगाडी खाली उतरवली, ती माझ्यासाठी. म्हणजे माझ्या बायकोसाठी.

नोटबुर्गा, आमची बुर्गल, ऑक्टोबरात गेली. आमच्या खोऱ्यात रीत अशी आहे, की ज्या घरातलं माणूस जातं त्या घरचं डोंगरावरचं गवत पहिल्या हिवाळ्यात शेजारी खाली आणतात. घरच्यांनी गवताच्या वाटेवर पाऊल ठेवायचं नाही. घरची गाडीही बाहेर काढायची नाही. खाली थांबायचं, चूल पेटवायची आणि ओढणारे आले की त्यांना आपल्या हाताने वाढायचं. कोणी म्हणतं, दुःखातल्या माणसाचा पाय ठरत नाही. कोणी म्हणतं, गेलेलं माणूस वाटेवर उभं राहून बोलावतं. खरं काय ते मला माहीत नाही. पण ही रीत कोणी मोडलेली मी पाहिली नव्हती.

अडचण एवढीच, की आता गवत ओढतो कोण? माझ्या लहानपणी वस्तीतलं प्रत्येक घर ओढायचं. वरचं कुरण इतकं उभं आहे, की तिथे ना बैल चढतो ना ट्रॅक्टर. ऑगस्टमध्ये हाताने कापायचं, वाळवायचं, तिथल्याच लाकडी खोपटात कोंबून ठेवायचं आणि बर्फ पडून वाट घट्ट झाली की शिंगांच्या घसरगाडीवर लादून खाली आणायचं. गाडीच्या पुढे दोन लाकडी शिंगं वर वळलेली असतात. माणूस त्या दोन शिंगांमध्ये उभा राहतो, पाठीवर सगळा भार घेतो आणि बुटांच्या लोखंडी काट्यांनी वेग आवरत उतरतो. उतार फार झाला तर घसरपट्टीखाली साखळी टाकतो. एवढंच. बाकी सगळं पाय आणि शिंगं.

पुढे पाहुणे यायला लागले. आधी उन्हाळ्यात, मग स्कीसाठी. एकेका घराने गाई विकल्या आणि खोल्या बांधल्या. ज्यांनी एखाददुसरी गाय ठेवली, ते खालच्या गावाहून ट्रकने गवत मागवतात. वरून गवत ओढणारे आम्ही दोघंच उरलो होतो, कारण नोटबुर्गा ऐकायची नाही. हॉटेलातले पाहुणे वाटेच्या कडेला उभे राहून आमचे फोटो काढायचे. ती कधी फोटोत हसली नाही. म्हणायची, हसले तर यांना वाटेल हे सोपं आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये ती आजारीच होती. मी कापत गेलो आणि ती मागून दाताळ्याने ओढत आली. मध्ये मध्ये बसायची. मी बस म्हटलं की उठायची. वरच्या खोपटात जे होतं ते तिने ओढलेलं शेवटचं गवत. गोठ्यात सहा गाई आणि खालचं गवत संपत आलेलं. नाहीतर मी ते तिथंच राहू दिलं असतं.

तर व्हिगिल. आमच्याच वयाचा, एकाच शाळेत शिकलेला. तरुणपणी सगळ्या खोऱ्यात त्याच्यासारखा ओढणारा नव्हता, हे मी कबूल करतो. त्याचं हॉटेल वस्तीत सगळ्यात मोठं आणि त्याच्या जेवणाच्या दालनात, शेकोटीच्या वर, ही गाडी वीस-बावीस वर्षं टांगलेली होती. दर शरद ऋतूत तो तिला व्हार्निश मारायचा. आता खिळे उपसून त्याने ती खाली घेतली होती. दुसऱ्या गाडीवर त्याची मुलगी क्रेसेंझ. तिला सगळे झेंझ म्हणतात. पहाटे स्कीच्या उतरणीवर बर्फ सारखा करणारं मोठं यंत्र ती चालवते आणि अशाच घसरगाड्यांच्या शर्यतीतही उतरते. तिची गाडी नवी, शर्यतीवाल्यांची, चांगल्या लाकडाची होती.

सकाळी ते माझ्या अंगणात आले. रीतीप्रमाणे आधी घरी येऊन विचारावं लागतं. बायकोची मोठी बहीण लुझिया स्वयंपाकाला मदत करायला आली होती, तीही दारात येऊन उभी राहिली. शेजारी होते, कॅमेरे घेऊन हॉटेलातले काही पाहुणे होते. व्हिगिलची गाडी उन्हात आरशासारखी चमकत होती. मी उजव्या शिंगावरून हात फिरवला. व्हार्निशच्या खालचं लाकूड हाताला हलकं लागलं, वाळक्या भोपळ्यासारखं. इतकी वर्षं शेकोटीची धग खाल्लेलं.

मी म्हणालो, हे सुकलंय, चार दिवस पाण्याच्या डोणीत ठेव, मग ने.

"तुझ्यापेक्षा कमीच सुकलंय रोमेड," व्हिगिल म्हणाला. सगळे हसले. पाहुण्यांना काही कळलं नाही, तेही हसले.

मी हसलो नाही. पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. चार दिवस नव्हतेच. दुपारनंतर दक्षिणेचा ऊन वारा सुटणार असं हवामानवाल्यांनी सांगितलं होतं, आणि एकदा तो सुटला की वाटेचा चिखल होतो. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. तो माझ्या जवळ आला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"बुर्गलच्या गवताला माझा हात लागायला नको असेल, तर तसं सांग. लाकडाचं निमित्त करू नकोस."

मी म्हणालो, जा, सांभाळून ये.

दोन्ही गाड्या त्यांनी रोपवेवर चढवल्या. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं नसतं. वर पोचून आडव्या वाटेने कुरणाकडे जायचं होतं. मी घरात गेलो.

लुझियाने जवाचं सूप चढवलं होतं. मी शिळी भाकरी आणि खारवलेलं मांस बारीक चिरून गोळे वळत होतो. ती दर थोड्या वेळाने म्हणत होती, इतके बारीक नकोत, माणसं ओढून येणार आहेत. मी दर थोड्या वेळाने खिडकीशी जात होतो. दुर्बिणीतून खोपट दिसतं, त्याच्या खालचा उन्हातला पट्टा दिसतो, पुढे वाट झाडीत शिरते आणि दिसेनाशी होते. वर दोन ठिपके हलत होते. मग छपरावरचा बर्फ थेंब थेंब गळायला लागला. वारा वेळेआधी आला होता.

लुझियानेही ते ऐकलं. तिने सुपाचं झाकण जरा सरकवलं, एवढंच.

झेंझ आधी आली. गवताचा भारा शाबूत, तोंड लालबुंद, केसांत काड्या. गोठ्याशी गाडी लावून ती स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायली. बाबा कुठे आहे, मी विचारलं. मागून येतोय, म्हणाली. मग घोट घेता घेता एकेक सांगायला लागली. त्याने भार फार घेतला होता. तिने अर्धा काढ म्हटलं, तर म्हणाला दोन फेऱ्या करत बसलो तर वारा गाठेल. निघताना उजवं शिंग करकरलं. तिने ते ऐकलं, त्यानेही ऐकलं. तो म्हणाला, म्हातारं झालंय, बोलणारच.

"आणि काका, एक गोष्ट मला कळली नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, जड झालं तर सरळ सोडून दे आणि बाजूला हो. तर म्हणाला, वाकणावर कोणी उभं नाही, तेव्हा सोडायचा प्रश्नच येत नाही. याचा अर्थ काय?"

माझ्या हातात गोळा होता. तो मी तसाच ताटात ठेवला.

अर्थ असा, की स्वतःचं गवत माणूस हवं तेव्हा सोडू शकतो. दुसऱ्याचं सोडता येत नाही. शेजाऱ्याचं गवत आणताना मालक काळ्या वाकणावर उभा राहतो, जिथे वाट ओढ्याच्या घळीवर झुकते आणि जिथे कधी ऊन पडत नाही. गाडी आवरेनाशी झालेली दिसली तर मालक ओरडतो, सोड. मग ओढणारा सोडतो आणि पुढे कोणी त्याला एका शब्दाने बोलत नाही. मालकाने सांगितलं नाही, तर त्याने धरून ठेवायचं. माझा चुलता असाच गेला. त्या दिवशी मालकाला यायला उशीर झाला होता.

आणि ज्या घरात माणूस गेलं आहे, त्या घरचा मालक वाटेवर येऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने त्या घरात न राहणाऱ्या नात्यातल्या कोणाला तरी वाकणावर उभं करतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, भाच्याला, कोणालाही. जुनी माणसं हे आदल्या दिवशीच ठरवायची. आम्ही कोणीच ठरवलं नव्हतं. वस्तीत परक्याचं गवत शेवटचं कधी ओढलं गेलं होतं, तेच कोणाला आठवत नव्हतं. वाटेवर जायचं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. वाकणावर कोणीतरी हवं, हे विसरलं गेलं. व्हिगिलला मात्र ते आठवलं होतं. गाडी लादून झाल्यावर आठवलं असेल, आणि तरी तो निघाला.

मी हे सांगताच झेंझने त्याला फोन लावला. तो तिच्याच कोटाच्या खिशात वाजला. फुटू नये म्हणून त्याने वर तिच्याकडे दिला होता. ती त्या फोनकडे बघत राहिली. मग हळू विचारलं, "म्हणजे तो सोडणारच नाही?"

मी बूट घालायला घेतले.

"तू जाणार नाहीस," लुझिया म्हणाली.

मी म्हणालो, दुसरं कोण आहे? आम्हाला मूलबाळ नाही. बुर्गलच्या माहेरचं म्हणजे ही एक लुझिया.

"मी जाते."

"तू त्या कंबरेने फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्याचं वर्षश्राद्ध येईल."

"बुर्गलला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. ती बघत असेल तर काय म्हणेल?"

"ती काय म्हणेल ते मी तिच्याजवळ बघून घेईन."

लुझियाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला पंचा काढून घेतला, काट्यांचे पट्टे आणून दिले आणि सुपाकडे वळली. जा म्हणाली नाही.

झेंझकडे कामाची बर्फावरची स्कूटर होती. तिच्या मागे बसून मी स्कीच्या उतरणीने वर गेलो. सुट्टीचा आठवडा होता. माणसं इकडून तिकडून घसरत येत होती, ती हॉर्न वाजवत मधून काढत होती. जिथे गवताची वाट स्कीची उतरण कापते, तिथे तिने थांबवलं. तिथून वर स्कूटर जात नाही, वाट गाडीच्या रुंदीचीच आहे. मी तिला म्हणालो, तू इथे थांब आणि या लोकांना अडव, एकालाही आडवं जाऊ देऊ नकोस. तिला माझ्याबरोबर यायचं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. पण उतरणीवर एक आख्खं कुटुंब तिरकं घसरत येत होतं, लहान मुलं पुढे. ती दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली.

मी वाटेवर पाऊल ठेवलं. काहीही झालं नाही. सांगायचं म्हणून सांगतो.

उन्हाच्या तुकड्यात बर्फ भाताच्या पेजेसारखा झाला होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होता. सावलीत शिरलो तसा तो काच झाला. असं असलं म्हणजे गाडी उन्हात अडते, ओढणारा जोर लावतो, साखळी काढतो, आणि सावलीत आला की भार एकदम त्याच्या पाठीवर येतो. मी पळत होतो असं म्हणता येणार नाही, माझं वय पळायचं नाही. काटे ठोकत, हाताने झाडांची मुळं धरत चढत होतो. श्वास पुरत नव्हता. मधेच थांबून ऐकायचो. ओढ्याचा आवाज, झाडांवरून गळणाऱ्या बर्फाचा धप्प. गाडीचा नाही.

वाकणावर पोचलो. आतल्या बाजूला, डोंगराला पाठ लावून उभा राहिलो. बाहेरच्या बाजूला कठडा वगैरे नाही. हातभर बर्फाची कड आणि मग घळ.

आणि मग आवाज आला. गवताची गाडी नीट येत असली तर ती सुरसुरते. ही आदळत होती. वरच्या वळणावर गवताचा ढिगारा दिसला, घराएवढा, आणि त्याच्या पुढे व्हिगिल. उजवं शिंग बुडापासून मोडून गेलं होतं. तिथे नुसता पांढरा फाटलेला खुंट होता. तो डाव्या शिंगाला दोन्ही हातांनी लटकला होता, पाठ गवतात रोवलेली, पाय पुढे ताठ, काट्यांखालून बर्फाचा चुरा उडत होता. एकाच शिंगाने गाडी आत ओढता येत नाही. जितका तो ओढत होता तितकी ती बाहेर, घळीकडे वळत होती. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

त्याने मला पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं असावं की मी खरा नाही. तोंड उघडं राहिलं.

"सोड," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. नाही.

मी ओरडलो, सोड, सोड. तो आता इतका जवळ होता की त्याच्या मिशीवरचं पाणी दिसत होतं. धापेतून तो काहीतरी बोलत होता, मला शेवटचे शब्द कळले.

"बुर्गलचं आहे."

"माझं आहे," मी म्हणालो. "मालक मी आहे, व्हिगिल. मी सांगतोय, सोड."

त्याने सोडलं.

तो माझ्या बाजूला फेकला गेला. मी त्याच्या कोटाला धरलं, दोघंही डोंगराच्या कडेला आदळलो. गाडी आमच्या पायांपासून वीतभर अंतरावरून गेली. वाकणाच्या बाहेरच्या कडेवर एकदा चढली, थोडी थांबल्यासारखी झाली, आणि गेली. खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग नाही. वाऱ्याने सुटं गवत घळीतून वर उडवलं. ते आमच्या अंगावर पडत राहिलं. ऑगस्टचा वास आला. मी तोंड फिरवून घेतलं.

व्हिगिलच्या तळहातांची सालं निघाली होती. तो ते बर्फात खुपसून बसला होता.

"तू वाटेवर काय करतोयस?" तो शेवटी म्हणाला.

"फिरायला आलो होतो."

"तू यायला नको होतंस."

"माहीत आहे."

"गेलं सगळं."

मी खाली वाकून पाहिलं. घळीतल्या झुडपांवर गवत लटकत होतं, ओढ्याच्या कडेने पसरलं होतं. तिथून ते कोणी वर आणणार नव्हतं. मार्चमध्ये डोंगरातल्या रानबकऱ्या उतरल्या की खातील. मी म्हणालो, तुझ्या गाडीवरचं गेलं. झेंझने आणलेलं गोठ्यात आहे. वर खोपटात अजून अर्धं असेल.

"अर्ध्याहून थोडं जास्त," व्हिगिल म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. म्हणाला, करकरलं तेव्हाच मला कळलं होतं. पण सगळ्यांसमोर तू लाकूड सुकलंय म्हणालास, आणि मग मला मागे फिरता येईना. आणि ती... मला वाटलं, तिच्यासाठी एवढं एक तरी धड करावं. ती दवाखान्यात असताना मी तिला एकदाही भेटायला आलो नाही, रोमेड. मला जमलंच नाही.

मी त्याच्या कोटावरच्या काड्या झटकल्या. म्हणालो, हात दाखव. हातांना माझा गळपट्टा फाडून बांधला.

खालून झेंझच्या हाका येत होत्या. तिने गाडी कोसळल्याचा आवाज ऐकला असणार. "आहोत," मी ओरडलो. "दोघं आहोत." हाका थांबल्या. थोड्या वेळाने ती रडतेय असं वाटलं, की हसतेय. एवढ्या लांबून सांगता येत नाही.

व्हिगिल म्हणाला, "उरलेलं कोण आणणार? मला आता शिंग धरता यायचं नाही."

"वारा पडला की पुन्हा गोठेल. मग मी आणतो. माझ्या गाडीने."

"वर्ष झालं नाही अजून."

"पाऊल ठेवून झालंय. आता ते पुसायचं कसं?"

त्याने यावर विचार केला. तो रीतीचा माणूस आहे, हॉटेल कितीही मोठं झालं तरी. त्याला वाकणाकडे, घळीकडे, मग माझ्याकडे बघताना मी पाहिलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी तू इथे येऊन उभा राहा."

"कशाला? स्वतःच्या गवताला कोणाचा हुकूम लागत नाही. वाटेल तेव्हा सोड."

"मला सोडवणार नाही," मी म्हणालो. "तू उभा राहा, आणि वेळ आली तर मोठ्याने ओरड."

व्हिगिलने बांधलेले दोन्ही हात पुढे केले, मी त्याला मनगटांना धरून उठवलं, आणि आतल्या बाजूने, एकामागे एक, आम्ही उतरायला लागलो.